अंतोबा गुरुजींची खुर्ची

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, उंबरदऱ्यात ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. शाळेच्या अंगणातली चिंच तेव्हा एका माणसाच्या कवेत मावायची, एवढं मात्र सगळे सांगतात. आज तिच्या बुंध्याला वेढा घालायला तीन माणसं लागतात. त्यावरून काय तो अंदाज करा.

उंबरदरे हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. गावाला चार खोल्यांची कौलारू शाळा होती. शाळेत चार मास्तर आणि त्यांच्यावर एक हेडमास्तर. चौघांत सगळ्यात धाकटे केरबा मास्तर. त्यांच्याकडे वरचे वर्ग होते आणि गणित होतं. सगळ्यात थोरले मार्तंड मास्तर. त्यांच्याकडे बिगरी होती. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. तिथली पोरं गिरवायची कमी आणि रडायची जास्त, म्हणून तो वर्ग कुणालाच नको असायचा. तो मार्तंड मास्तरांच्या गळ्यात पडला होता आणि वीस वर्षं गळ्यातच राहिला होता.

हेडमास्तर होते दत्ताजीराव. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांच्या वेळी शाळेच्या भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र असायच्या आणि घंटा कधी पळभरही चुकायची नाही. पण त्यांच्या वहाणा करकरायच्या. असं म्हणतात, की ती करकर नदीपलीकडच्या शेतात ऐकू यायची आणि औताचे बैलसुद्धा सरळ चालायला लागायचे.

वहाणा वाजल्या की चारही खोल्यांत एकदम मोठ्यानं पाढे सुरू व्हायचे. वहाणा लांब गेल्या की पाढे थंड पडायचे. असा कारभार बरीच वर्षं चालला. मास्तर वहाणांसाठी शिकवत होते आणि पोरं वहाणांसाठी ओरडत होती. शिकणं म्हणाल, तर त्यांचा कान फार तयार झाला.

केरबा मास्तरांच्या पोटात एक गुपित होतं. त्यांना अपूर्णांकांचा भागाकार कळत नव्हता. करता यायचा. खालचा आकडा वर, वरचा खाली, मग गुणा, असं त्यांना त्यांच्या मास्तरांनी पाठ करून दिलं होतं. ते तसंच पोरांकडून पाठ करून घ्यायचे आणि उत्तर बरोबर यायचं. पण चाराला अर्ध्यानं भागलं की आठ का येतात, हे त्यांना कधीच उमगलं नव्हतं. हे कुणाला कळलं तर गणिताचा मास्तर म्हणून आपण गावात तोंड दाखवू शकणार नाही, या भीतीनं तो धडा जवळ आला की त्यांची झोप उडायची.

पाचवीत तानी नावाची मुलगी होती. धोंडी आणि हौसाची लेक, वरच्या वर्गात शिकणारी गावातली एकुलती एक मुलगी. एके दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, भागलं की आकडा कमी व्हायला पायजे. चाराचं आठ कसं झालं?"

केरबा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमक्या त्याच वेळी ओट्यावर वहाणा करकरल्या.

आता उत्तर ठाऊक नसलेल्या आणि वहाणा ऐकलेल्या माणसानं जे करू नये तेच त्यांनी केलं. "उलटं विचारतेस?" म्हणून छडी उचलली आणि तानीच्या उजव्या तळव्यावर दोन मारल्या. वहाणा दाराशी क्षणभर थांबल्या. मास्तर कडक आहेत असं समाधान पावून पुढे गेल्या. तानी रडली नाही. ती नुसती आपल्या तळव्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. धोंडी म्हणाला, "इचारल्यावर मार खायचा तर म्हशीमागं गेल्याली काय वाईट?" आणि त्यानं तिच्या हातात काठी दिली.

त्याच वर्षी दत्ताजीरावांची बदली झाली आणि अंतोबा गुरुजी आले.

ते आले अनवाणी. काटकुळा देह, डोक्याला टोपी, खांद्यावर पडशी आणि पायात काही नाही. कुणी म्हणतं, नदी ओलांडताना त्यांच्या वहाणा वाहून गेल्या. कुणी म्हणतं, गावाच्या वेशीवर त्यांनी दत्ताजीरावांची कीर्ती ऐकली आणि स्वतःच्या वहाणा स्वतःच नदीत सोडल्या. खरं काय ते नदीला ठाऊक. पण त्यानंतर त्यांनी उभ्या आयुष्यात पायात काही घातलं नाही, असं म्हणतात.

मास्तरांना बरं वाटावं म्हणून त्यांनी हे केलं असेल, तर ते साफ फसलं. वहाणा निदान आगाऊ वर्दी द्यायच्या. हे गुरुजी मांजराच्या पावलानं यायचे. मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि मध्येच दचकून दाराकडे बघायचे. बघून बघून एकाची मान धरली. "आधीचे परवडले," ते मान चोळत म्हणाले, "हे तर कधी उगवतील पत्ता लागत नाही."

हे अंतोबा गुरुजींच्या कानावर गेलं. मग ते दारापासून दहा पावलांवर थांबून खोकायला लागले. येतोय बरं का, सावरून बसा, अशा अर्थाचं हलकंसं खोकणं. गावच्या वैद्यबुवांना वाटलं, नव्या हेडमास्तरांना खोकला झालाय. त्यांनी तीन वेळा कडू काढा पाठवला. गुरुजींनी तिन्ही वेळा तो निमूट पिऊन टाकला, पण खोकणं सोडलं नाही.

आता खुर्चीकडे येऊ. हेडमास्तरांच्या खोलीत हातांची एक मोठी सागवानी खुर्ची होती. तीत हेडमास्तरांखेरीज कुणी बसत नसे. अंतोबा गुरुजींनी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती खुर्ची उचलून चिंचेखाली आणली. समोर जाजम अंथरलं. जाजमावर भाजलेल्या शेंगांची पाटी ठेवली आणि चौघा मास्तरांना बोलावलं.

"या आठवड्यात शिकवताना ज्याचं अडलं असेल त्यानं खुर्चीत बसायचं," ते म्हणाले, "आणि काय अडलं ते सांगायचं. बाकीच्यांनी खाली बसून ऐकायचं. मीही खालीच बसणार. दर शनिवारी एकानं तरी बसलंच पाहिजे."

मास्तरांचं धाबं दणाणलं. हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून आपल्याच उणिवा सांगायच्या, म्हणजे यात नक्की काहीतरी डाव आहे, असं त्यांना वाटलं. पण हुकूम तो हुकूम. मग त्यांनी काय करावं? अडचणी बनवून आणायला सुरुवात केली. शुक्रवारी संध्याकाळी बसून ते ठरवायचे, उद्या कुणाचं काय अडलेलं आहे. एकानं सांगितलं, खडू फार लवकर झिजतो. दुसऱ्यानं सांगितलं, दुपारी फळ्यावर ऊन येतं. केरबा मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं, "माझं अक्षर पूर्वीइतकं सुबक राहिलं नाही."

आणि खुर्ची कुरकुरली.

असं म्हणतात, की त्या खुर्चीत बसून कुणी खोटं बोललं की ती कुरकुरायची. खडूच्या वेळी कुरकुरली होती, उन्हाच्या वेळीही कुरकुरली होती. गावातले सुतार सांगतात, की तिचा एक पाय बोटभर तोकडा आहे आणि माणूस चुळबुळला की ती वाजते, एवढंच. पण सुतारांचं ऐकू नका. त्यांना प्रत्येक गोष्टीत तोकडा पायच दिसतो.

असे पाच शनिवार गेले. सहाव्या शनिवारी अंतोबा गुरुजी स्वतः खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माझं अडलंय. माझे मास्तर मला घाबरतात. मी वहाणा सोडल्या, खोकून बघितलं, खुर्ची दिली. त्या खुर्चीचाही मी हुकूमच केला. आता पुढं काय करावं ते मला कळत नाही."

खुर्चीचा चूं की चां नाही.

यावर काय बोलायचं असतं ते चौघा मास्तरांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. शेवटी मार्तंड मास्तर हळूच म्हणाले, "गुरुजी, शेंगा घ्या." आणि पाटी त्यांच्याकडे सरकवली. गुरुजी हसले, खाली येऊन बसले. "बसलंच पाहिजे, हे आजपासून रद्द," ते म्हणाले. "खुर्ची राहील. ज्याला वाटेल तो बसेल. नाही वाटलं तर शेंगा आहेतच."

त्यानंतरचे तीन शनिवार खुर्ची रिकामी राहिली. पाच माणसं जाजमावर बसून शेंगा फोडायची, हवापाण्याच्या गोष्टी करायची आणि पुढ्यात ती रिकामी खुर्ची असायची. दोघं मास्तर तिच्याकडे बघायचंच टाळायचे. केरबा मास्तरांची नजर मात्र तिथून हलायची नाही.

तिसऱ्या शनिवारी घरी जाताना केरबा मास्तरांना नदीच्या उताराला तानी दिसली. म्हशी पाण्यात बसल्या होत्या आणि ती काठावर उभी होती. मास्तरांना बघताच तिनं आपला उजवा हात पाठीमागं लपवला.

बाकी काही झालं नाही. ती बोलली नाही, पळाली नाही. तिनं फक्त हात लपवला. केरबा मास्तर तिथंच थबकले. इतक्यात पाण्याची घागर घेऊन हौसा आली. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्या तानीला स्थळ बघत्यात आता. मार्गशीर्षात उजवायची म्हंत्यात धनी. शाळा सुटलीच तर मग घरात ठिवून काय करायचं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. मास्तरांना तेच जास्त लागलं. मार्गशीर्षाला दीड महिना उरला होता.

पुढचा शनिवार उजाडला. शाळा सुटली, जाजम पडलं, शेंगांची पाटी आली. केरबा मास्तर खाली बसलेच नाहीत. सरळ खुर्चीपाशी गेले आणि बसले. त्यांच्या मांड्या थरथरत होत्या. तोकड्या पायाची खुर्ची तर अशा वेळी वाजायलाच हवी. सुतारांना हे विचारून बघा.

"मला अपूर्णांकांचा भागाकार कळत नाही," केरबा मास्तर म्हणाले. "सात वर्षं मी तो न कळता शिकवतोय. तानीनं बरोबर विचारलं होतं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिला मारलं. तिची शाळा माझ्यामुळं सुटली आणि आता तिचं लग्न ठरतंय."

खुर्ची वाजली नाही.

सगळ्यांनी हेडमास्तरांकडे बघितलं. आता हे काय शिक्षा देतात, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. अंतोबा गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "केरबा," ते म्हणाले, "मलाही कळत नाही. तीस वर्षं मीही खालचा आकडा वर करून गुणत आलोय. मला विचारायला तानी भेटली नाही, एवढाच काय तो फरक."

मग मार्तंड मास्तरांनी घसा खाकरला. "मी एक सांगू का? म्हणजे, हे बिगरीतलं आहे, तुमच्या वरच्या वर्गांचं नाही."

"सांगा ना," गुरुजी म्हणाले.

मार्तंड मास्तरांचं घर वाडीवर होतं, लांब. ते शिदोरी घेऊन यायचे. त्यांनी फडकं सोडलं आणि चार भाकरी जाजमावर मांडल्या. "या चार. माणशी दोन दिल्या तर किती जण जेवतील?"

"दोन," केरबा मास्तर म्हणाले.

"माणशी एक दिली तर?"

"चार."

मार्तंड मास्तरांनी चारही भाकरी मधोमध मोडल्या. "आणि माणशी अर्धी दिली तर?"

केरबा मास्तर त्या अर्धकांकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आठ."

"भाकरी वाढल्या नाहीत," मार्तंड मास्तर म्हणाले. "वाटा लहान झाला, म्हणून जेवणारे वाढले. बिगरीतल्या पोरांना मी रोज खाऊ वाटतो, त्यांना हे कळतं. त्याला अपूर्णांक म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक नसतं."

केरबा मास्तर हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सात वर्षांचं ओझं चार भाकरींत उतरलं होतं. जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बिगरीच्या मास्तराला कोण विचारतंय?" मार्तंड मास्तर साधेपणानं म्हणाले आणि शेंग फोडायला लागले.

त्या दिवशी सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर ते हे वाक्य, असं अंतोबा गुरुजींनी पुढं अनेकांना सांगितलं.

केरबा मास्तर मात्र थांबले नाहीत. भाकरीची अर्धकं फडक्यात घेऊन ते तडक निघाले. असं म्हणतात, की वाटेत जो भेटेल त्याला ते अर्धी भाकरी देत गेले, गुराख्याला, मोळीवाल्या बाईला, वैद्यबुवांना, आणि तरी धोंडीच्या दाराशी पोचले तेव्हा फडक्यात आठच्या आठ अर्धकं होती. सुतार याचंही काहीतरी कारण सांगतील.

धोंडी ओसरीवर दोर वळत होता. तानी दाराच्या आड उभी राहिली, हात मागं. केरबा मास्तर ओसरीवर न बसता अंगणातच उभे राहिले आणि बापाच्या देखत लेकीला म्हणाले, "तानू, तुझा प्रश्न बरोबर होता. मलाच येत नव्हतं. तुला मारलं, ते माझं चुकलं."

धोंडीच्या हातातला दोर सुटला. "मास्तर, आसं कुनी म्हंतं व्हय?" तो चाचरत म्हणाला.

"आमच्या शाळेत आता म्हणतात," केरबा मास्तर म्हणाले. त्यांनी अर्धकं ओसरीच्या कडेवर मांडली आणि मार्तंड मास्तरांनी विचारलं तसंच विचारलं, माणशी दोन, माणशी एक, माणशी अर्धी. तानी दाराआडून एकेक पाऊल पुढं येत गेली. शेवटी तिनं एक अर्धक उचललं, त्याचे पुन्हा दोन तुकडे केले आणि म्हणाली, "मंग चतकोर चतकोर दिली तर सोळा जनं." ते तिनं दोन्ही हातांनी केलं. उजवा हात लपवायचा ती विसरून गेली होती.

धोंडीनं सुटलेला दोर गोळा केला. मग तो म्हणाला, "सोमवारी धाडतो. लग्नाचं बघू म्होरचं म्होरं."

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी राहायची नाही. मास्तर पाळी लावून बसायला लागले. भूगोलाचं अडलेलं पहिलीच्या मास्तरांकडून सुटायचं, पहिलीचं अडलेलं सातवीच्या मास्तरांकडून. मग पोरंही चिंचेखाली जमू लागली, खुर्चीत बसणाऱ्याला काय अडलं ते विचारू लागली आणि हात वर करून सांगू लागली, इथं माझं अडलं. असं म्हणतात, की अंतोबा गुरुजींना पुढं पुढं न कळल्याचा आवाज ऐकू यायला लागला. अख्खा वर्ग माना डोलवत असला तरी ते दाराशी येऊन खोकायचे आणि नेमक्या त्याच पोराच्या शेजारी जाऊन बसायचे. सोबत पाटी-पेन्सिल घ्यायचे आणि म्हणायचे, "मला पण कळलं नाही. चल, दोघं मिळून विचारू."

एकदा दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. नेमका शनिवार होता आणि खुर्ची चिंचेखाली होती. साहेबांना वाटलं, आपल्यासाठीच मांडलीय. ते ऐसपैस बसले आणि म्हणाले, "वा, तुमची शाळा उत्तम आहे."

खुर्ची कुरकुरली.

सातवीची तानी पुढं झाली आणि तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "साहेब, तुमचं काय अडलं?"

चौघा मास्तरांना वाटलं, आता शाळेला कुलूप. अंतोबा गुरुजी जागचे हलले नाहीत. साहेबांनी त्या मुलीकडे बघितलं, जाजमावर बसलेल्या अनवाणी हेडमास्तरांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली. "पोरी," ते म्हणाले, "पंचवीस वर्षं मी शाळा तपासतोय. मी आलो की प्रत्येक शाळा शहाणी होते. मी नसताना शाळा कशी असते, ते मला अजून ठाऊक नाही."

खुर्ची गप्प राहिली.

"मग साहेब," अंतोबा गुरुजी म्हणाले, "खाली या. शेंगा गरम आहेत."

साहेब खाली येऊन बसले. कुणी म्हणतं तासभर, कुणी म्हणतं तीन दिवस. शेरेबुकात त्यांनी काय लिहिलं ते सांगता येत नाही, कारण ते पान उंदरांनी खाल्लं. पण पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, ते शनिवार साधूनच.

अंतोबा गुरुजी बारा वर्षं उंबरदऱ्यात होते. जायच्या दिवशी ते आले तसेच अनवाणी गेले, नदीतून, एकटे. पलीकडच्या काठावर पोचल्यावर त्यांनी मागं वळून एकदा खोकून दाखवलं आणि अलीकडे उभं राहिलेलं अख्खं गाव हसता हसता रडलं. आजही एखाद्या वर्गात मास्तरांचा आवाज उगाच चढला, छडीकडे हात गेला, तर दाराबाहेर कुणीतरी हलकेच खोकतं, असं म्हणतात. बघायला जावं तर ओट्यावर कुणी नसतं.

त्यांच्यामागं केरबा मास्तर हेडमास्तर झाले. त्यांनी पहिल्या शनिवारी जे केलं, तेच उंबरदरे अजून करतं. शाळेत नवा हेडमास्तर आला, मग तो कितीही शिकलेला असो, की पहिल्या शनिवारी चिंचेखाली खुर्ची मांडतात. हार-तुरे नंतर. सुतार दर वर्षी येऊन सांगतात, पाय नीट करून देतो, आणि गाव दर वर्षी त्यांना चहा पाजून परत पाठवतं. बिगरी आता नाही, तिच्या जागी बालवाडी आहे. तिथल्या बाई चार भाकरी आणतात आणि मधोमध मोडतात. तो मान त्यांचाच असतो.

मग पाचवीतली एक मुलगी पुढं येते आणि आपला उजवा तळवा नव्या हेडमास्तरांसमोर उघडा धरते. हेडमास्तर त्या तळव्यावर अर्धी भाकरी ठेवतात. त्यानंतर ते खुर्चीत बसतात, ती मुलगी त्यांना विचारते, "गुरुजी, तुमचं काय अडलं?" आणि सगळं गाव कान देऊन ऐकत राहतं.